गळ्यातली गाठ आणि स्कूटीचं गाणं

डॉक्टरीणबाईंनी नाकातून घातलेली बारीक नळी बाहेर काढली, हातमोजे काढले आणि विचारलं, "तुम्ही काय करता?"

"गाते."

त्यांनी माझ्याकडे जरा नीट पाहिलं. बाजूची सिस्टर हसून म्हणाली, "मॅडम, ओळखलं नाही का? या निमाताई. जाऊबाईच्या स्कूटीचं गाणं यांचंच." मॅडम मूळच्या आमच्याकडच्या नव्हत्या. त्यांना स्कूटी कळली नाही. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. घशाच्या तळाशी दोन पांढऱ्या पट्ट्या दिसत होत्या. मी 'ई' म्हटलं की उजवी हलत होती. डावी जागची हलत नव्हती.

"आवाज कधीपासून बसलाय?"

"चार महिने झाले. लग्नसराई होती ना, रोज कार्यक्रम. इतकं गायलं की बसतोच."

त्यांनी माझ्या गळ्यावर बोटं ठेवली आणि गिळायला सांगितलं. मी गिळलं. त्यांची बोटं एका जागी येऊन थांबली. पुन्हा गिळायला सांगितलं. बोटं पुन्हा तिथंच थांबली.

"इथे गाठ आहे. तुम्हाला जाणवली नाही?"

जाणवली होती. कार्यक्रमाला गळ्यात ठुशी बांधताना ती एका बाजूला सरकायची. मला वाटलं, वजन वाढलं असेल.

त्या दिवशी सुईची तपासणी झाली. रिपोर्ट आठवड्याने आला. त्यावर काय लिहिलंय ते मॅडमनी हळूहळू, मराठीत सांगितलं. थायरॉइडचा कॅन्सर. बरा होणारा. पण गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली दिसते, ऑपरेशन मोठ्या सर्जनकडे धुळ्याला करा. शेजारी माझा नवरा दिलीप बसला होता, तो प्रश्न विचारत होता. किती दिवस, कधी, गाता येईल ना. मी खिडकीतून खाली बघत होते. आमची गाडी उन्हात लावलेली होती. सीट तापलं असेल, बसताना ओढणी घालावी लागेल, एवढंच माझ्या मनात आलं. दुसरं काही आलं नाही. त्या दिवसाबद्दल लोक विचारतात तेव्हा मला हेच सांगावं लागतं.

आधीचं

मी कोण होते, ते थोडं सांगते, नाहीतर काय गेलं ते कळणार नाही.

माझं माहेर एरंडोलजवळचं एक खेडं. माय हळदीची गाणी म्हणायची. गावात कुणाचंही लग्न असो, तिला बोलावणं यायचं. मी तिच्या पदराला धरून जायचे आणि घरी येऊन तीच गाणी भांडी घासताना म्हणायचे. कॉलेज सुटलं तेव्हा अमळनेरच्या एका बँडवाल्यांना गाणारी मुलगी हवी होती. वरातीपुढे ढकलगाडीवर मोठे भोंगे असतात, त्यांच्या मागे माईक घेऊन चालत गायचं. तीन वर्षं मी अशी चालले. खान्देशातली कितीतरी गावं मला अजून वरातीच्या रस्त्यावरून आठवतात. देऊळ कुठे, चढ कुठे, आणि कुठे विजेची तार खाली आलेली.

दिलीप त्या बँडमध्ये कॅसिओ वाजवायचा. पुढे लग्न झालं. चारचौघांत मी त्याला अहो म्हणते, घरात दिलीप. एकदा त्याने एक चाल बांधली आणि मी तिच्यावर अहिराणीत शब्द टाकले. जावेने स्कूटी घेतली, तिचा रुबाब बघा, असं गमतीचं गाणं. जळगावातल्या एका छोट्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित केलं. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून गोधड्या ठोकलेल्या होत्या. व्हिडिओ आमच्या पिंप्राळ्याच्याच कॉलनीत काढला, शेजारणीची गाडी मागून आणली. जाऊ मीच झाले, सासूही मीच झाले.

ते गाणं मोबाइलवर टाकलं आणि पंधरा दिवसांत डीजेवर वाजायला लागलं. जळगाव, धुळे, नंदुरबार, मग सुरतपर्यंत. तिकडे आपली माणसं पुष्कळ. माझं नाव पडलं निमाताई. त्यानंतरची सात वर्षं मी एकही लग्नसराई घरी काढली नाही. दुकानांच्या फिती कापल्या. एसटीत बायका माझ्या शेजारी बसायला भांडल्या. एका गावात बैलगाडीतून मिरवणूक निघाली होती. माझ्या मुलीचं, परीचं, बारसं आम्ही दोन कार्यक्रमांच्या मधल्या दिवशी केलं.

मोठी शास्त्रशुद्ध गाणारी मी कधी नव्हते. पण माझा आवाज खणखणीत होता. डीजेच्या धडधडीतूनही शब्द ऐकू यायचे. लोक त्याच्यासाठीच बोलवायचे.

धुळे

ऑपरेशनच्या आधी सर्जन म्हणाले, "नस वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू. पण आत गेल्यावर काय दिसतं त्यावर आहे." मी सही केली. सही करताना पेनची शाई संपली. त्यांनी खिशातलं दुसरं दिलं.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर शांताक्का होती. शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली. तिच्याही गळ्यात गाठ, तिचं ऑपरेशन माझ्या आदल्या दिवशी झालं होतं. मला आत न्यायच्या आधी तिने मला खाटेवर बसवलं, माझे केस विंचरले आणि दोन घट्ट वेण्या घातल्या. तिच्या गळ्याला पट्टी होती, मान वळत नव्हती, तरी घातल्या.

"आते आठ दिन फनी लागाव नही," ती म्हणाली. आठ दिवस कंगवा लागणार नाही.

आजारपणात माझ्यासाठी पुष्कळांनी पुष्कळ केलं. ते सगळं आठवावं लागतं. त्या वेण्या न आठवता आठवतात.

शुद्ध आली तेव्हा दिलीपचा चेहरा वर दिसला. मी त्याला 'पाणी' म्हटलं. ओठ हलले, आवाज आला नाही. सायकलच्या नळीतून जावी तशी हवा गेली. दिलीप म्हणाला, "बोलू नको, बोलू नको." मी पुन्हा म्हटलं. पुन्हा हवाच.

दुसऱ्या दिवशी सर्जन राउंडला आले. खाटेच्या कडेवर बसले, हे मला लक्षात आहे, कारण ते कुणाच्या खाटेवर बसत नव्हते. गाठीने डाव्या नसेला वेढा घातला होता. सोडवता आली नाही. कापावी लागली. "गाठ पूर्ण निघाली, ही मोठी गोष्ट आहे. उजवी बाजू हळूहळू काम वाढवेल. बोलता येईल. सहा महिने, वर्ष." थोडं थांबून म्हणाले, "गाण्याचं मी आत्ता काही सांगत नाही."

मी मान हलवली. दिलीप बाहेर गेला. माय पायाशी बसली होती, ती म्हणाली, "रडी ले वं बाई." रडून घे. मी प्रयत्न केला. डोळे कोरडेच राहिले. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येत होत्या. सिस्टर म्हणाली, कॅल्शियम कमी झालंय, होतं असं. तिने सलाइनमधून औषध सोडलं आणि मुंग्या गेल्या. बाकीचं बधिरपण गेलं नाही.

बिनामिठाचा महिना

पुढचा उपचार म्हणजे किरणोत्सारी आयोडीनची एक गोळी, जी रोगाचे उरलेसुरले कण जाळते. ती नाशिकला मिळणार होती, पण त्याआधी महिनाभर शरीर आयोडीनला उपाशी ठेवायचं असतं. आयोडीनचं साधं मीठ बंद, दूध बंद, आणि गाठीबरोबर काढलेल्या ग्रंथीचं काम करणारी गोळीही सुरू करायची नाही. मॅडमनी सांगितलं होतं, "सुस्ती येईल, थंडी वाजेल, मन लागणार नाही. तात्पुरतं असतं." मी ऐकलं होतं. पण ऐकलेलं आणि अंगावर आलेलं यात फरक असतो.

पिंप्राळ्यात मे महिन्यात लोक कूलरपुढून हलत नाहीत आणि मी शाल घेऊन बसत होते. चेहरा सुजला. शब्द आठवायला वेळ लागायचा. माय खडेमीठ कुटून त्याची वेगळी भाजी करायची, ती खाल्ली काय आणि नाही काय, सारखंच.

एक प्रसंग सांगते. तो सांगायला मला आवडत नाही. परी अंगणात सायकल चालवत होती. मी दारात खुर्चीवर बसले होते. ती माझ्या डोळ्यांसमोर पडली. गुडघा फुटला, रक्त आलं, ती 'मम्मी' म्हणून ओरडली. मी बघत होते. उठलं पाहिजे, हे मला कळत होतं. कुणा दुसऱ्याच्या घरातला टीव्ही लागला असावा आणि आपण रस्त्यावरून बघावं, तसं ते होतं. शेजारीण धावत आली. मग दिलीप आला.

"तू इथेच होतीस ना?" तो ओरडला. "निमा, तू इथेच होतीस!"

"हो."

"मग उठली का नाहीस?"

सहा वर्षांच्या परीने माझ्याकडे पाहिलं आणि ती बापाच्या मागे गेली. त्या रात्री ती मायजवळ झोपली.

असं कुणाच्या घरात होत असेल तर मी एवढंच म्हणेन, की डॉक्टरांना सांगा. मी सांगितलं नाही. मला वाटलं, मी आता अशीच आहे. माझ्यातली आई त्या गाठीबरोबर काढून टाकली असेल.

नाशिकला एका खोलीत गोळी गिळायला दिली आणि दार लावून घेतलं. तीन दिवस कुणी आत यायचं नाही. अंगातून किरणं निघतात म्हणून. जेवण दाराशी ठेवायचे, मी घ्यायचे. भरपूर पाणी प्यायचं, दिवसातून तीनदा आंघोळ, तोंडात लिंबाच्या गोळ्या. दिवसातून एकदा एक माणूस दाराबाहेर उभा राहून माझ्याकडे यंत्र रोखायचा आणि आकडा वहीत लिहायचा. बाकीच्यांना ती खोली नकोशी होते म्हणे. मला ती बरी वाटली. तिथे कुणी मला, कसं वाटतंय, असं विचारत नव्हतं.

परत आल्यावर लहान मुलांपासून काही दिवस लांब राहायचं होतं. परीला माय गावी घेऊन गेली. जाताना परीने रिक्षातून हात हलवला नाही. मीही हलवला नाही.

दिलीपची युक्ती

ग्रंथीची गोळी सुरू झाली. रोज पहाटे उपाशीपोटी एक, जन्मभर. अंगात थोडी ऊब आली, सूज उतरली. परी घरी आली. आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक मुलगी होती, ती मला भिंत ढकलत 'आ' म्हणायला लावायची. आवाज थोडासा आला. समोरच्या माणसाने पंखा बंद केला तर ऐकू जाईल इतका. डोक्यातलं मात्र अजून गोधडीखालीच होतं.

दिवाळीनंतर लग्नांच्या तारखा सुरू झाल्या. दिलीपचा फोन दिवसभर वाजायचा. लोकांना आजाराचं माहीत नव्हतं. घशाला त्रास आहे, आराम करतेय, एवढंच आम्ही सांगितलं होतं. एके दुपारी तो लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला.

"तुझे सगळे ट्रॅक माझ्याकडे आहेत. आवाजासकट. तू फक्त उभी राहायचं, ओठ हलवायचे. मोठमोठे लोक करतात."

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते.

"सोबत पूजाला घेऊ. कोरसला. मधलं बोलणं ती बोलेल." पूजा ही भुसावळची वीस वर्षांची मुलगी, आधीही कधीकधी मागे गायला यायची. "निमा, काही तरी बोल. नको असेल तर नको म्हण."

"चालेल," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं होतं मी भांडेन. मी भांडले असते तर त्याने ते केलं नसतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्याची चूक होती असं मी म्हणत नाही. तो घाबरला होता. इतकी वर्षं त्याच्या हाताला माझ्या गळ्याची सवय होती, आणि आमचं घर त्या गळ्यावर चाललं होतं.

पहिला कार्यक्रम धुळ्याला झाला. गळ्याभोवती मी जरीचा स्कार्फ बांधला. ट्रॅक सुरू झाला आणि स्पीकरमधून माझा आवाज आला, गाठीच्या आधीचा. मी ओठ हलवले. पाचशे माणसं नाचली. कुणाला कळलं नाही. मला वाटलं होतं, लाज वाटेल. नाहीतर निदान रडू येईल. मी नवरीच्या मामाच्या फेट्याचा रंग बघत होते.

खाली उतरले तर एक बाई गर्दीतून दोन्ही हात पसरून माझ्याकडे आली. शांताक्का. तिच्या भाच्याचं लग्न होतं ते.

"निमा! तुन्हा आवाज उना वं!" तिने माझे गाल धरले. आवाज आला गं तुझा!

"अक्का, कशी आहेस?" मी म्हणाले.

तिला ऐकू आलं नाही. ती जवळ सरकली. मी पुन्हा म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने वळून स्पीकरकडे पाहिलं, मग दिलीपच्या लॅपटॉपकडे. हात खाली घेतले.

"मंग ते काय व्हतं?"

मी लॅपटॉपकडे बोट केलं.

"हां," ती म्हणाली. रागाने नाही. ती आपल्या गळ्यावरच्या व्रणावरून बोट फिरवत राहिली. "मी आत्तेच बठ्ठासले सांगं, मन्ही बाजूनी खाटवाली बरी व्हयनी म्हनीसन. आते काय सांगू?"

म्हणजे, मी सगळ्यांना आत्ताच सांगून आले, माझ्या शेजारच्या खाटेवरची बरी झाली म्हणून. आता काय सांगू?

मला तेव्हाही काही वाटलं नाही. फक्त तिचा प्रश्न खरा आहे, हे कळलं. घरी येऊन मी तो कागदावर लिहून ठेवला, कारण त्या दिवसांत मी विसरत होते.

दीपनगर

पुढचा कार्यक्रम भुसावळजवळ दीपनगरला, वीजकेंद्राच्या कॉलनीत. मुलीचे वडील तिथे नोकरीला, वऱ्हाड अमळनेरचं. लग्न दुपारचं, जेवणं सुरू झाली की आमचं गाणं. गाडीत मी दिलीपला सांगितलं, "आज मी ओठ हलवणार नाही."

"आत्ता सांगतेस? पोचलो आपण!"

"पूजा गाईल. खरंखरं."

"लोकांनी निमाताईला बोलावलंय. पूजाला नाही." त्याने स्टिअरिंगवर हात आपटला. मागच्या सीटवर पूजाने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, लावलं.

स्टेजवर गेले. दिलीपने ट्रॅक लावायला हात उचलला तसा मी तळहात दाखवला. तो थांबला. मी माईक ओठांना टेकवला आणि म्हणाले, "नमस्कार. मी निमा."

मागून एक जण ओरडला, "माईक बंद शे!"

साउंडवाल्याने आवाज वाढवला. स्पीकर कर्कश किंचाळला. लोकांनी कान झाकले. "अरे बंद शे माईक! बदला!"

"माईक चालू शे भाऊ," मी म्हणाले. "मन्हा आवाज बंद शे."

पुढचे काही जण हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे, गाण्याच्या आधी असतो तसा. मग मी स्कार्फ सोडला. व्रण गळ्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आहे, तो लांबूनही दिसतो. हसणं थांबलं. वाढपी हातात बादल्या घेऊन उभे राहिले. मी सांगितलं, कॅन्सर झाला होता. ऑपरेशन धुळ्याला झालं. तुम्ही जो आवाज ऐकायला आलात तो आता फक्त मशिनीत आहे, तो ऐकवून मला तुम्हाला फसवायचं नाही. हे सगळं बोलायला मला खूप वेळ लागला, कारण दर तीन शब्दांना श्वास संपत होता.

नवऱ्या मुलाचे काका स्टेजजवळ आले. "ताई, तुमचं दुःख खरं आहे. पण मंगलकार्यात हे कशाला? पोरं नाचायला उभी आहेत." ते काही वाईट बोलत नव्हते. मलाही पटलं. मी पूजाच्या हातात माईक दिला आणि बाजूच्या खुर्चीत बसले.

दिलीप कॅसिओवर बसला, ढोलकीवाल्याने ढोलकी घेतली आणि पूजाने सुरुवात केली. तिचा आवाज गोड आहे, पातळ आहे. घाबरल्यामुळे ती पळायला लागली. ठेक्याच्या पुढे. पहिलं कडवं कसंबसं गेलं. दुसऱ्या कडव्यात सासू विचारते, पेट्रोल कोण भरणार, आणि तिथे थांबायचं असतं. एक पूर्ण ठेका रिकामा सोडायचा, मग उत्तर द्यायचं. त्या रिकाम्या जागेतच लोक हसतात. पूजाने जागा सोडली नाही. प्रश्न आणि उत्तर एका दमात म्हणून टाकलं. कुणी हसलं नाही.

माझे कान गरम झाले.

आधी मला कळेना काय होतंय. वाटलं, ताप चढतोय. छातीत काहीतरी वर आलं, दात आवळले गेले. असं कसं म्हणते ही? इतक्यांदा माझ्या मागे उभी राहिलीस, कान कुठे होते तुझे? मी उठले, ढोलकीवाल्याच्या शेजारची खंजिरी उचलली आणि पूजाच्या शेजारी जाऊन ठेका धरला. जोरात. ती दचकली. तिसऱ्या कडव्यात सासूचा पुढचा प्रश्न आला, तशी मी तिच्या डोळ्यांसमोर खंजिरी उभी धरली आणि थांबवलं तिला. एक ठेका रिकामा. मग खंजिरी खाली आणली. तिने उत्तर म्हटलं, आणि मांडवात हशा पिकला.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगते. त्या लग्नसराईतले अर्धे लोक फिरले, अर्धे राहिले. पूजा आता सगळे कार्यक्रम करते. मी शब्द लिहिते आणि तालमी घेते. तपासण्या आतापर्यंत साफ आल्या आहेत, दर सहा महिन्यांनी जावं लागतं. गाता येत नाही. येईल असं कुणी म्हणत नाही, मीही विचारत नाही. शांताक्काला मी गावी जाऊन भेटून आले आणि काय सांगायचं ते आम्ही दोघींनी मिळून ठरवलं.

पण मला सांगायचंय ते दीपनगरहून परतीच्या रस्त्याचं.

पूजा भुसावळला उतरली. ऊन कलत होतं. मी म्हणाले, "ठेका तू वाढवलास."

"काय?"

"कॅसिओचा. ती घाबरली होती म्हणून तू पळालास तिच्यामागे. तू तिला मागे ओढायला हवं होतंस."

"मी नाही वाढवला. मूळ आहे तोच ठेवला."

"खोटं नको बोलू! मला ऐकू येतं. गळा गेलाय, कान नाही गेले. इतकी वर्षं मी तुला सांगतेय, घाबरलास की तुझा हात पळतो, आपल्या परीच्या बारशाच्या कार्यक्रमातसुद्धा…"

माझा दम संपला. मी श्वास घेतला आणि पुन्हा सुरू केलं. बारसं, अमळनेरचा बँड, न विचारता घेतलेला लॅपटॉप, मी 'चालेल' म्हटल्यावर त्याने ऐकलंच कसं, मला दोन कानशिलात का नाही लगावल्या, सगळं. आवाज फाटत होता, अर्धे शब्द हवाच होते. दिलीपने गाडी रस्त्याच्या कडेला, केळीच्या बागेजवळ थांबवली. इंजिन बंद केलं, कारण इंजिनाच्या आवाजात त्याला माझं ऐकू येत नव्हतं.

तो माझ्याकडे वळला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मी गप्प झाले.

"थांबू नको," तो म्हणाला. "भांड. अजून भांड."